पिकगार्डला कान लावून बसलेल्यांनो

बसा. गिटारी केसमध्येच राहू द्या. आज वाजवायचं नाही, ऐकायचं आहे. तेही तुम्हाला धड जमत नाही, म्हणून तर ही वेळ आली.

गेला महिनाभर या वर्गात एकच विषय चाललाय: पिकगार्ड, गिटारीच्या अंगावरचं ते पान. जळगावच्या मंडळींचं म्हणणं, तीन थरांच्या पीव्हीसीने टोन पातळ होतो. धुळ्याहून येणारे दोघे सेल्युलॉइडवर अडून बसलेत. जुन्या फेंडरला तेच होतं, म्हणून तिचा टोन वॉर्म, असं त्यांचं शास्त्र. मागच्या रांगेतल्या एकाने तर ॲल्युमिनियमचा पत्रा मागवायचा बेत केलाय, सोलो कापत गेला पाहिजे म्हणून. या चर्चेत ज्याने सगळ्यात मोठा आवाज चढवला होता, त्याला मी एफची बार कॉर्ड धरायला सांगितली. सहापैकी दोन तारा मुक्या! पहिल्या बोटाखाली त्या दबतच नव्हत्या. त्या मुक्या तारांना कुठल्या प्लास्टिकचा टोन देणार आहेस रे? आते काय सांगू तुमले!

बारावीला तुम्ही विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकलात. फॅरडेने १८३१ साली जे दाखवलं ते पाठ करून मार्क मिळवलेत, आणि गिटार गळ्यात अडकवली की ते सगळं पुसून टाकलंत. पिकअप दुसरं काहीही करत नाही. चुंबक, त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, आणि वर ताणलेली पोलादी तार. तार थरथरली की चुंबकक्षेत्र हलतं, कॉइलमध्ये वीज येते, ती केबलमधून ॲम्पपर्यंत जाते. संपलं. या हिशेबात प्लास्टिकला जागा कुठे आहे ते मला दाखवा. पिकअपजवळ तोंड नेऊन ओरडून बघा, ॲम्पमधून तुमचा आवाज येणार नाही. आलाच, तर तो पिकअप मेणात नीट बुडवलेला नाही आणि मायक्रोफोनसारखा वागतोय, एवढंच समजायचं. तो पिकअपचा दोष, टोनचा गुण नव्हे.

जॉर्ज बोशांप या माणसाने १९३१-३२ च्या सुमारास रिकेनबॅकरबरोबर पहिली चालणारी इलेक्ट्रिक गिटार काढली. मांडीवर ठेवून वाजवायची हवाईयन ढंगाची, सबंध ॲल्युमिनियमची ओतीव. तिच्या आकारावरून लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणू लागले. तिला ना पोकळ पेटी, ना तुमचं ते तीन थरांचं पान. पुढे गिब्सनची लेस पॉल १९५२ साली आली. तिचं पिकगार्ड एका स्क्रूवर आणि बाजूच्या एका पट्टीवर अधांतरी टेकलेलं असतं, आणि कितीतरी वादक ते काढून ड्रॉवरमध्ये टाकतात. त्यांचा टोन त्या ड्रॉवरमध्ये राहिला का?

मग हा वाद आला कुठून? तो अकूस्टिक गिटारीवरून आलाय, आणि तिथे तो खोटा नाही. अकूस्टिकमध्ये आवाज वरची फळी काढते. जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची ती फळी हवा ढकलते. तिच्यावर प्लास्टिकचं पान चिकटवलं की वजन वाढतं, कंप थोडा मरतो. गिब्सनची १९६० ची हमिंगबर्ड बघा, केवढं मोठं नक्षीदार पान आहे तिच्यावर. तिथे कुणी कान टवकारले तर मी समजू शकतो. तुम्ही मात्र तिथली गोष्ट उचललीत आणि दीड-पावणेदोन इंच जाडीच्या भरीव लाकडावर आणून ठोकलीत. प्रश्न बरोबर होता, वाद्य चुकलं.

लांब कशाला जायचं? आपल्या मिरजेत जा. तिथल्या सतारी आणि तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूरच्या बाजूला पिकणारे भोपळे तिथे येतात आणि कारागीर त्यातून तुंबा निवडतो तेव्हा जाडी, गोलाई, कोरडेपणा सगळं बघतो, कारण तुंबा स्वतः घुमतो. जवारीवर तर त्याचे तासन्‌तास जातात. घोडीचा माथा कानसेनं घासायचा, तार लावून ऐकायचं, परत घासायचं. कारण तार तिथे टेकते आणि तिथेच तिचा झंकार ठरतो. ती घोडी हाडाची आहे, शिंगाची आहे की कृत्रिम द्रव्याची, यावर तिथे वाद होतो आणि तो व्हायलाच हवा. पण तुंब्यावरच्या पानाफुलांच्या नक्षीचा रंग बदलला म्हणून सूर बदलला, असं म्हणणारा कारागीर मला दाखवा. ज्याला तार टेकते आणि जे घुमतं, त्याचा विचार त्याने आधी केलेला असतो. तुमचं पिकगार्ड तारेला टेकत नाही, घुमतही नाही. तुमच्या गिटारीवर जवारीची जागा आहे नटची, ब्रिजच्या सॅडलची आणि फ्रेटची. यातल्या एकाकडे तरी कुणी भिंग घेऊन बघितलंय? नटच्या खाचा कितीतरी स्वस्त गिटारींमध्ये उंच राहिलेल्या असतात, त्यामुळे पहिल्या फ्रेटवरच्या कॉर्ड चढ्या वाजतात. तुम्ही ट्यूनर बदलता, ॲप बदलता, आता पिकगार्ड बदलायला निघालात.

वरातीतला बेंजोवाला तुमच्यापेक्षा शहाणा. त्याच्या वाद्यावर सनमायका, चकाकते स्टिकर, नावाची पाटी, सगळा थाट असतो, आणि आत पिकअप असतो. सनमायका निळा असला की सूर कसा लागतो, असं त्याने आजवर कुणाला विचारलेलं नाही. तार उतरली की तो तार चढवतो.

आता तुमची तक्रार येणार, मला माहीत आहे. "सर, पण मी स्वतः ऐकलं! बदलल्यावर फरक पडला!" पडला असेल. मी तुला खोटारडा म्हणत नाही, फक्त आळशी म्हणतो. तू नक्की काय काय केलंस ते सांग. फेंडरच्या स्ट्रॅटचं पिकगार्ड बदलायचं तर आधी तारा काढाव्या लागतात. मग जुन्या गंजक्या तारा परत लावल्यास, की नवा सेट लावलास? नवाच लावला असणार. नवी तार आणि चार महिने घामात भिजलेली तार यातला फरक आंधळ्यालाही ऐकू येतो. शिवाय स्ट्रॅटचे तिन्ही पिकअप त्या पिकगार्डलाच लटकलेले असतात. नव्या पानात ते पुन्हा कसले तेव्हा उंची मोजली होतीस का? शेवटच्या फ्रेटवर तार दाबून जाड बाजूला साधारण २ मिलिमीटर, बारीक बाजूला त्याहून थोडं कमी, एवढं अंतर चालतं. स्क्रूचे दोन फेरे इकडचे तिकडे झाले की आवाज मोठा होतो किंवा दबतो. फार जवळ आणलास तर चुंबक तार ओढतो आणि वरच्या फ्रेटवर सूर डगमगतो. त्यात तू पूर्ण वायरिंगसकट तयार पान मागवलं असशील, तर पिकअपही नवे, पॉट नवे, कपॅसिटर नवा. पाच गोष्टी बदलायच्या आणि श्रेय सहाव्या प्लास्टिकला द्यायचं, हा कुठला न्याय?

आणि कानाचं म्हणाल, तर कानाची आठवण फार तोकडी असते. काल रात्रीचा टोन आज सकाळी कुणाच्याही डोक्यात जसाच्या तसा राहत नाही. त्यातून दोन आवाजांतला एक किंचित मोठा असला, तर मोठा तो चांगला असंच सगळ्यांना वाटतं. पैसे मोजून आणलेली वस्तू वाईट वाजावी असं तर कुणालाच वाटत नाही.

खरोखर तपासायचं असेल तर लेस पॉल ढंगाची गिटार घ्या. तिचे पिकअप वेगळ्या चौकटीत बसवलेले असतात, पिकगार्डशी त्यांचा संबंध नाही. तारांना हात न लावता पान निघतं. पानासकट चार ओळी रेकॉर्ड करा, पान काढा, त्याच हाताने, त्याच पिकने, त्याच ॲम्पच्या त्याच आकड्यांवर पुन्हा रेकॉर्ड करा. मग दोन्ही फायलींचा आवाज सारखा करून मित्राला उलटसुलट क्रमाने लावायला सांगा आणि डोळे मिटून ओळखा. एकदा बरोबर आलं तर नाणंही तसं पडतं, म्हणून वीसेक वेळा ओळखा. हे एका दुपारी होण्यासारखं आहे. महिनाभर भांडलात, पण एवढं कुणी केलं नाही. कारण भांडायला मेहनत लागत नाही.

टोन कुठे बदलतो ते सांगतो, वहीत लिहा. तुमच्या हातातल्या त्या केबलमध्ये. साध्या सिंगल-कॉइल पिकअपचं इंडक्टन्स सव्वादोन-अडीच हेन्री असतं. केबल दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स जोडते. दोन्ही मिळून एका ठरावीक कंपनसंख्येला आवाज उचलून धरतात. ३ मीटरची केबल लावली तर तो उंचवटा ५००० हर्ट्‌झच्या आसपास येतो, ९ मीटरची लावली तर ३२०० च्या आसपास उतरतो. स्टेजवर मोकळेपणी नाचता यावं म्हणून सगळ्यात लांब आणि सगळ्यात स्वस्त केबल घेतलीत, तिने वरची धार खाल्ली, आणि गुन्हा दाखल केलात पिकगार्डवर. २५० किलोओहमचा पॉट काढून ५०० चा लावा, लगेच कळेल. पिक पातळऐवजी जाड धरा, लगेच कळेल. हात ब्रिजकडे दोन बोटं सरकवा, सगळ्यात आधी कळेल, आणि त्याला एक पैसाही पडत नाही.

आता ॲल्युमिनियमवाला. तू हसू नकोस, तुझ्या बाजूने थोडं बोलणार आहे. धातूचा पत्रा वेगळा. तो वीज वाहून नेतो, म्हणून कॉइलजवळ असला की त्यात भोवरी प्रवाह निर्माण होतात. त्याने पिकअपची वरची धार किंचित बोथट होते. म्हणजे तुला सोलो कापत जायला हवा होता आणि झालाच तर उलटा परिणाम होईल! जाड पितळी झाकण पिकअपवर बसवलं तर हा परिणाम चांगला ऐकू येतो, पिकअपच्या कडेने गेलेल्या पातळ ॲल्युमिनियममध्ये फारच कमी. फेंडरने १९५६-५७ मध्ये म्युझिकमास्टर, ड्युओ-सॉनिक आणि प्रिसिजन बेसला सोनेरी ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमचं पिकगार्ड दिलं होतं. त्याचा खरा फायदा टोनचा नव्हे, गोंगाट अडवण्याचा. पत्रा अर्थिंगला जोडलेला असेल तर बाहेरची खरखर कमी होते. हाच फायदा प्लास्टिकच्या पानामागे तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची फॉइल लावूनही मिळतो. १९५९ नंतरच्या कित्येक वर्षांच्या स्ट्रॅटमध्ये पानाखाली ॲल्युमिनियमचा पत्रा होताच. सुधारणा करायची तर ही करा.

सेल्युलॉइडवाल्यांनो, तुम्हाला माहीत आहे का तुम्ही काय मागताय? नायट्रेट सेल्युलॉइड म्हणजे जुन्या सिनेमाच्या रिळांचं द्रव्य, भुरकन पेटणारं. वय झालं की ते आकसतं, स्क्रूच्या भोकापाशी तडकतं. भुसावळ-जळगावचा मे महिना, पारा पंचेचाळिशीच्या पुढे, आणि तुम्ही गिटार घेऊन पारोळा-एरंडोलवरून एसटीने येणार. फेंडरने स्वतः साठच्या दशकाच्या मध्यात ते सोडून साधं व्हिनाइल धरलं. आणि जे पान कासवाच्या पाठीचं म्हणून विकतात, त्यात कासव नसतं. हॉक्सबिल कासवाच्या पाठीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे, आपल्याकडे वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. तुम्हाला मिळतं ते छापील प्लास्टिक. ज्या जळगावची एमआयडीसी पीव्हीसीच्या पाइपांवर आणि प्लास्टिकच्या चटयांवर उभी आहे, तिथल्या पोरांनी प्लास्टिकला एवढं भुलावं, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

प्लास्टिक एकच आवाज खरोखर काढतं, तो तुमच्यापैकी कुणाच्या लक्षात आला नाही. उन्हाळ्यात आपली हवा कोरडी ठणठणीत. बोटं पीव्हीसीवर घासली की स्थिर विद्युत साठते आणि ॲम्पमधून चट्‌-चट्‌ ऐकू येतं. पिकगार्डवरची संरक्षक फिल्म तशीच ठेवलेल्यांकडे जास्त. फिल्म काढा, किंचित ओलसर फडक्याने पान पुसा, मागे फॉइल लावून अर्थिंगला जोडा. खानदेशात पिकगार्डविषयी भांडायचंच असेल तर या विषयावर भांडा.

आणि आता ज्यासाठी मी खरा चिडलोय ते. परवा तुमच्यातल्या एकाच्या घरी गेलो होतो. ॲम्प घूं-घूं करत होता. तो मला सांगतो, "सर, पिकगार्ड बदललं की ही हम जाईल." मी मागे वाकून बघितलं, तर ॲम्पच्या थ्री-पिन प्लगची जाड पिन कापलेली! जुन्या दोन भोकांच्या बोर्डात बसावी म्हणून. पलंगाशेजारी इन्व्हर्टर, डोक्यावर रेग्युलेटरचा पंखा, आणि अर्थिंग शून्य. सिंगल-कॉइल पिकअप ५० हर्ट्‌झची हम उचलणारच, ती फॉइलनेही पूर्ण जात नाही. तिच्यासाठीच सेथ लव्हरने १९५५ साली गिब्सनमध्ये हमबकर बनवला. हम सोडा. हम ऐकून कुणी मरत नाही, कापलेल्या पिनेने मरतं.

गिटारीच्या तारा आणि ब्रिज ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेले असतात, म्हणजे तुम्ही कायम त्या वायरला हात लावून उभे असता. अर्थिंग नसेल, ॲम्पमध्ये बिघाड झाला, आणि दुसरा हात किंवा ओठ माइकला लागला, तर वीज छातीतून जाते. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी मे १९७२ मध्ये स्वान्सीच्या स्टेजवर असाच गेला. अर्थिंग नसलेल्या माइकला त्याचा हात लागला होता. तो नवशिका नव्हता. तुम्ही लग्नाच्या मांडवात जनरेटरवर वाजवायला जाता, खाली पाणी शिंपडलेलं असतं, वायरिंग कुणी केलंय ते ठाऊक नसतं, आणि तुमच्या डोक्यात काय, तर पान एका थराचं की तीन थरांचं!

यापुढे या वर्गात पिकगार्ड हा शब्द मला ऐकायचा नाही. ते पिकचे ओरखडे लाकडावर पडू नयेत म्हणून असतं, स्ट्रॅटमध्ये वायरिंग धरून ठेवायला असतं, आणि दिसायला छान असतं. रंग आवडला म्हणून घेतलंत तर माझी हरकत नाही, पण मग रंग आवडला म्हणून सांगा.

पुढच्या रविवारी येण्याआधी प्रत्येकाने इलेक्ट्रिशियनला बोलावून घरच्या बोर्डाचं अर्थिंग तपासून घ्यायचं आणि कापलेले प्लग बदलायचे. धुळ्याच्या दोघांनीही, तुम्हाला वेगळी सूट नाही. येताना एफची कॉर्ड मेट्रोनोमच्या ६० वर, सहाही तारा स्वच्छ, अशी वाजवून दाखवायची. ज्याच्या दोन तारा मुक्या राहतील त्याला मी बाहेर बसवीन. आणि ज्यांची पार्सलं अजून निघालेली नाहीत त्यांनी ऑर्डर आजच रद्द करा.